आचाऱ्याचा र

सयाजीमामांनी मोबाइल लसणाच्या सुपात पालथा टाकला आणि त्यावर मूठभर पाकळ्या ओतल्या.

"अनुजा, हे माझं पुस्तक न्हाय."

अनुजा उंबऱ्यात एका पायावर उभी होती. चपलेचा अंगठा नेमका आजच तुटला होता आणि दातांत सेफ्टी पिन धरून ती तो जागेवर बसवत होती. उचगावला ऑफिसात पोचायला उशीर होणार हे नक्की झालं होतं.

"कालच तर आलंय मामा. तुमचंच हाय. वर नाव हाय, फोटो हाय."

"फोटो माझाच हाय. आत दुसराच कोणतरी बसलाय."

मामा म्हणजे अनुजाचे सासरे. उभा जन्म लोकांच्या लग्नकार्यांत आचारी म्हणून गेलेला. गुडघे कामातून गेले तसे ते शिवाजी पेठेतल्या घरी बसले, पण हाताला चैन नव्हती. घरात लागो न लागो, रोज सूपभर लसूण सोलून ठेवत. तेवढ्यानं भागेना तेव्हा ते बोलू लागले आणि बोलता बोलता पुस्तक झालं. मंगळवार पेठेत तेजस्वीताईंचं डीटीपीचं दुकान होतं. मामा तिथं जाऊन सांगायचे, ताई टाइप करायच्या. 'पंगतीच्या मागं' असं नाव ठेवलं. कागदावर छापणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं, म्हणून नुसतं ई-बुक काढायचं ठरलं. ते ज्या सॉफ्टवेअरमधून निघालं ते अनुजाच्या कंपनीचं होतं आणि तिनंच ताईंना गळ घालून ते घ्यायला लावलं होतं. थोडक्यात, तक्रारदार घरातला आणि आरोपीही घरातलाच.

तिनं पाकळ्या बाजूला सारून मोबाइल काढला, पदराला पुसला. मामांनी उघडं ठेवलेलं पान तसंच होतं.

'ए आचार्या, मीठ कमी हाय, असं पंगतीतनं कोणतरी वरडलं. मी ओगराळं ठेवलं आणि गेलो. घरमालक मोठ्यानं म्हणाले, आचार्या काय म्हणता, आचार्य म्हणा त्यांना, फार मोठे आचार्य आहेत. सगळी पंगत हसली. तेव्हापासून पेठेत मला आचार्य नाव पडलं. आचार्या म्हटल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्यावर मी जगलो. आचार्य म्हटल्याचं वाटलं.'

तिनं पुन्हा वाचलं. पानाला काही अर्थच राहिला नव्हता. आचार्या म्हटलं तर चालतं आणि आचार्य म्हटलं तर लागतं, असं सांगणारा माणूस वाचणाऱ्याला खुळाच वाटला असता.

"मी आचाऱ्या सांगितलं हुतं," मामा म्हणाले. "तेजस्वीबाईनं आचाऱ्याच लिहिलं. मी पडद्यावर बघितलंय माझ्या डोळ्यांनी. मग ते तुमच्या मशिनीत गेलं आणि बाहेर येताना शेंडी ठेवून आलं."

अनुजाला हसू आलं आणि लगेच ते गिळावं लागलं, कारण मामा हसत नव्हते. पण खरोखरच शेंडी होती. साधा, खाली उभा असलेला र उडी मारून अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला होता.

आतून सम्राट केस पुसत आला. अनुजाचा नवरा टाइल्सच्या दुकानात विक्री सांभाळायचा आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं की 'केटरिंग' म्हणायचा.

"आबा, तक्रार कसली करताय? फुकटात बढती मिळाली. मी फोटो टाकलाय घरच्या ग्रुपवर. आचार्य सयाजीराव! सगळ्यांनी अंगठे दाखवलेत."

मामांनी त्याच्याकडं मान वर करून पाहिलं.

"तू वाचलंस?"

"वाचणार हाय की. वेळ कुठाय?"

मामा पुन्हा लसणाकडे वळले. त्यांची नखं पाकळीच्या सालीत अशी शिरली की अनुजाला सालीचीच दया आली.

"मी बघतो मामा," ती म्हणाली. "संध्याकाळपातूर नीट करून आणतो."

कोल्हापूरच्या बाया स्वतःबद्दल बोलताना अशा 'बघतो', 'आणतो' म्हणतात. बाहेरगावच्या लोकांना त्याचं हसू येतं. येऊ दे.

ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर होतं. खाली हवा भरण्याचा फुस्स आवाज सुरू असे आणि वर माणसं पुस्तकं बनवण्याचं सॉफ्टवेअर बनवत. लेखकाची फाइल एका बाजूनं आत घालायची, दुसऱ्या बाजूनं मोबाइलवर वाचता येईल असं ई-बुक बाहेर. देशभरातले प्रकाशक ते वापरत. अनुजानं ताईंची मूळ फाइल उघडली. आचाऱ्या बरोबर होता. मग ती सॉफ्टवेअरच्या एकेक पायरीवर थांबून पाहत गेली. पहिल्या पायरीवर आचाऱ्या, दुसऱ्या पायरीवर आचाऱ्या, आणि तिसऱ्या पायरीवरून उतरला तो आचार्या. त्या पायरीचं नाव होतं 'सफाई'.

सफाई मालकांनी, म्हणजे धैर्यशील सरांनी स्वतः लिहिली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. टाइप केलेल्या मजकुरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बऱ्याच खुणा पडलेल्या असतात; त्यांच्यामुळं पुस्तकात शब्द शोधला तर सापडत नाही, म्हणून दिल्लीच्या एका बड्या हिंदी प्रकाशकानं कटकट केली होती. सरांनी त्या सगळ्या खुणा कचरा म्हणून झाडून टाकल्या. हिंदीचं काम झालं. पण मराठीत त्या कचऱ्यातली एक खूण कामाची होती. र पुढच्या अक्षराला जोडला की संगणक त्याला उचलून डोक्यावर बसवतो. सूर्य, कार्य, आचार्य. तसं न करता त्यानं खालीच उभं राहून पुढच्याचा हात धरावा असं वाटत असेल, तर मध्ये ती न दिसणारी खूण लागते. टाइप करणाऱ्यालाही ती ठाऊक नसते, बोटाखाली आपोआप पडते. ती झाडली की खालचा र वर गेलाच.

सरांनी मराठीवर तपासलं नव्हतं असंही नाही. नमुन्याच्या फाइलीत एकच मराठी शब्द होता. त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. धैर्यशील. त्यातला र जन्मापासूनच डोक्यावर बसलेला. त्याला कोण कुठं हलवणार?

अनुजानं आजवर त्यांच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली मराठी पुस्तकं शोधायला घेतली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. 'शेतकर्यांनी'. 'भाकर्या'. 'म्हातार्या आईला'. 'कुर्हाड'. 'नवर्यानं मारलं'. पुस्तकामागून पुस्तक. आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली. धैर्य, कार्य, सौंदर्य यांना कुठंही धक्का लागलेला नव्हता. ते मोठ्या घरचे शब्द. बिघडले होते ते सुऱ्या, दोऱ्या, घागऱ्या, भाकऱ्या. रोज हाताला लागणारे. तिला तर सकाळपासून मराठीत बोलायचं तरी त्याच र ला धरून बोलावं लागत होतं. सासऱ्यांचं पुस्तक, नवऱ्याचा ग्रुप, आचाऱ्याचं पान.

तिनं तेजस्वीताईंना फोन लावला.

"ताई, तुमच्याकडनं आधी गेलेल्या पुस्तकांतबी असंच आलंय. तुम्ही कधी सांगितलं न्हाय?"

"अगं, मला वाटलं ई-बुकात असंच येतंय," ताई म्हणाल्या. "कॉम्प्युटरला जमत नसंल म्हटलं मराठी."

अनुजानं फोन ठेवला. राग आला तो ताईंचा नव्हता. जमत नसंल! लेखकांनी तेच म्हटलं होतं, वाचकांनी तेच म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून आपली भाकरी मोडकी आली तरी ताट मुकाट्यानं पुढं ओढलं होतं. एक माणूस काय तो म्हणाला, हे माझं न्हाय.

ती लॅपटॉप उचलून सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, सफाईत घोळ हाय."

धैर्यशील सरांनी पडद्यावर पाहिलं. "'शेतकर्यांनी'. बरं मग? वाचाय येतंय की."

"येतंय. खरं चुकीचं हाय."

बाहेरून आलेल्याला हे सांगावं लागतं की कोल्हापुरात 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात.

"कुणी तक्रार केलीया?"

"माझ्या सासऱ्यांनी."

सर खुर्चीत मागं रेलले. माणूस वाईट नव्हता. पुण्याला जायचं सोडून त्यांनी हट्टानं उचगावात कंपनी काढली होती आणि पेठेतल्या पोरींना नोकऱ्या दिल्या होत्या. पण शुक्रवारी नवं व्हर्जन दिल्लीला जायचं होतं आणि शुक्रवार उंबऱ्यावर आला होता.

"मग तेवढं एक पुस्तक सफाईतनं वगळ की. चहा व्हायच्या आत हुईल. सफाईला ह्या आठवड्यात हात लावायचा न्हाय. दिल्लीवाल्यांनी त्याच्यासाठीच आपल्याला धरलंय. आणि काय गं, आचार्य म्हणजे मानाचंच हाय, सासरे रागावले कशाला?"

शेवटचा प्रश्न तिला खटकला. पण वाट सोपी होती. मामांचं पुस्तक संध्याकाळपर्यंत चोख झालं असतं, तिनं दिलेला शब्द पाळला गेला असता आणि सरांशी वाकडंही आलं नसतं. ती जिन्यात गेली आणि तिनं घरी फोन केला.

"मामा, तुमचं एकट्याचं आत्ताच नीट करून देतो. चालंल न्हवं?"

"आणि बाकीच्यांचं?"

"तसलं लई पुस्तकांत हाय. बाकीचं राहू दे म्हणालेत."

पलीकडे सालींची खसखस थांबली.

"अनुजा, मी उभ्या जन्मात पंक्तिप्रपंच केला न्हाय. पावणा असू दे न्हाईतर मांडववाला, एकाच पातेल्यातनं वाढलं. आता म्हातारपणी माझ्या एकट्याच्या पानात तूप सोडतीस व्हय?"

आणि त्यांनी फोन बंद केला. खाली कुठल्याशा ट्रकचं चाक निघत होतं, त्याचा खणखणाट जिन्यात घुमला. अनुजाला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. नोकरी चांगली होती आणि घराजवळ होती. पण रागही आला होता आणि तो भीतीच्या चार पावलं पुढं चालत होता. ती त्याच्या मागून आत गेली.

"सर, शुक्रवारचं व्हर्जन मी सोडणार न्हाय."

"म्हणजे?"

"तपासून बघितलं, बरोबर हाय, असं मी लिहिल्याशिवाय कायच बाहेर जात न्हाय. मी लिहिणार न्हाय. बरोबर न्हाय ते."

हा नियम सरांनीच केला होता. मागं एकदा त्यांनी घाईत काहीतरी भलतंच पाठवलं आणि आठवडाभर प्रकाशकांच्या शिव्या खाल्ल्या, त्यानंतर.

"एका र साठी?" सरांचा आवाज चढला. उचगावात आवाज चढला की तो टायरच्या दुकानापर्यंत जातो. "नोकरीपेक्षा र मोठा झाला तुला?"

"तुमच्या नावातला काढू का सर? धैयशील राहतंय."

शेजारच्या टेबलांवर एकदम खोकल्याची साथ आली. सर लाल झाले. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"दिल्लीचं शोधायचं काम बिघडलं तर?"

"बिघडणार न्हाय. सगळा कचरा झाडतो. फक्त र च्या पुढं ती खूण असली तर तेवढी सोडतो. शोधताना ती धरायची न्हाय, एवढंच. शब्द सापडतोय आणि दिसतोयबी बरोबर."

"आणि शुक्रवारी फुटलं तर? तुझ्या डोक्यावर."

"बसू दे डोक्यावर," अनुजा म्हणाली. "तसंबी आता तिथली जागा मोकळी हुईल."

दुरुस्ती अगदी बारकी निघाली. एवढ्याशा नियमासाठी इतकी भाषा वाकडी चालत होती, याचीच तिला लाज वाटली. तरी नुसती दुरुस्ती करून भागणार नव्हतं. उद्या दुसरा कुणी येईल, त्याला ही खूण पुन्हा कचरा वाटेल आणि तो पुन्हा झाडून काढील. म्हणून सॉफ्टवेअरला चाचणीची वाक्यं ठेवलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदल केला की बाहेर जाण्याआधी ती वाक्यं त्याच्या पोटातून काढतात. जशी घातली तशी बाहेर आली तर हिरवी खूण, एक कानामात्रा जरी इकडची तिकडं झाली तरी लाल, आणि लाल असताना काहीही बाहेर पडत नाही. दिल्लीची चार हिंदी वाक्यं तिथं होती, दोन इंग्रजी होती आणि मराठीच्या नावानं एकटे धैर्यशील होते.

तिनं त्यांच्या खाली टाइप केलं : ए आचाऱ्या, मीठ कमी हाय.

आधी जुन्या सफाईतून काढलं. लाल. मग नव्या सफाईतून. हिरवं. तिनं ते पुन्हा काढलं, गरज नव्हती तरी. हिरवं.

बुधवारी आणि गुरुवारी सरांनी स्वतः बसून दिल्लीच्या पुस्तकांत शब्द शोधून पाहिले. सगळे सापडले. गुरुवारी दुपारी चहा आला तेव्हा त्यांनी तो आधी तिच्या टेबलावर पाठवला.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं मामांच्या हातात मोबाइल ठेवला. शब्दाला दोन दिवस उशीर झाला होता. मामांनी तो विषय काढला नाही. सुपातला लसूण बाजूला सारून त्यांनी पान डोळ्यांशी धरलं आणि ओळीखालून बोट सरकवत वाचलं. ओठ हलत होते. बोट एका जागी थांबलं.

"शेंडी गेली," ते म्हणाले.

"सगळ्यांची गेली मामा. सगळ्यांच्या भाकऱ्या जाग्यावर आल्या. मागची पुस्तकंबी परत काढाय लावलीत."

"लई ब्येस."

सम्राट कॉटवर मोबाइल बघत पडला होता. "आचार्य काय वाईट हुतं?" तो म्हणाला, पण ते कुणाला उद्देशून नव्हतं आणि आवाजातही जोर नव्हता.

अनुजा मामांच्या शेजारी टेकली. आता चांगलं तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"आणि एक केलंय. तुमच्या पुस्तकातलं वाक्य चाचणीला घातलंय. ए आचाऱ्या, मीठ कमी हाय. आता कुणी सॉफ्टवेअरमध्ये काय बी बदल करू दे, पयलं हे वाक्य त्याच्या तोंडात घालणार. जसंच्या तसं बाहेर आलं तरच पुढं जायाचं. मी नोकरी सोडली तरी ते तिथं राहतंय."

"कायमचं?"

"कायमचं."

मामा खूश होतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी एक पाकळी उचलली. ती सोललेलीच होती, तरी ते तिच्यावरून नख फिरवत राहिले.

"खरं, मीठ कमी न्हवतं," ते म्हणाले.

अनुजाला हा 'खरं' कुठला ते पटकन कळलं नाही.

"काय म्हणालात?"

"मीठ. कमी न्हवतं. मी चाखून उतरवलीती आमटी."

"पुस्तकात तसं काय न्हाय."

"न्हाय घातलं." त्यांनी पाकळी ठेवली. "पानात पयलं काय वाढतेत? मीठ. डाव्या अंगाला, चिमूटभर. कमी वाटलं तर माणसानं बोटानं घ्यावं की. त्यासाठी वरडाय कशाला लागतंय? त्याला मीठ नको हुतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

मामांनी दाराकडं पाहिलं, तिथं कुणी नव्हतं.

"घरमालक म्हणाले, टाका. मी म्हटलं, बरोबर हाय. ते म्हणाले, आचार्य, टाका. पातेल्यापाशी उभं राहून टाकाय लावलं. मी टाकलं."

सम्राट कॉटवर उठून बसला होता.

"ते लोक उठून गेले. मागच्या पंगतीला बाया-पोरं हुती, वाढपी हुते, मांडववाले हुते. त्यांनी ती खाल्ली. खारट झालती. कोण बोललं न्हाय, पाणी पिऊन खाल्ली. म्हातारी एक हुती, ती पाणी मागत हुती सारखी." मामांनी उजवा हात पुढं केला. "आचार्य म्हणू देत, आचाऱ्या म्हणू देत. ते जातंय ह्या कानातनं त्या कानात. खरं, चांगल्या आमटीत मी ह्या हातानं मीठ टाकलं."

पुस्तकात एवढं मोठं पान लिहून माणसानं लागलेली गोष्टच लिहिली नव्हती.

"कुणाच्या लग्नात?" सम्राटनं उभं राहत विचारलं. त्याचा आवाज शिवाजी पेठेतला झाला होता, टाइल्सच्या दुकानातला राहिला नव्हता.

"मेला तो. बस खाली."

"पुस्तकात घालूया मामा," अनुजा म्हणाली. "ई-बुक हाय. आत्ता घातलं तरी चालतंय."

"नको. तो मेल्यावर तोंड उघडलं म्हणतील लोक. झालं ते झालं."

मामा उठले, भिंत धरत मोरीकडे गेले आणि हात धूत राहिले. सम्राटनं जमिनीवर ठेवलेला त्यांचा मोबाइल उचलला. पान अजून उघडं होतं. त्यानं ते वाचलं, मग बोट सरकवून पुस्तक मागं मागं नेत पहिल्या पानावर आणलं आणि तिथून वाचायला लागला.

अनुजानं लॅपटॉप उघडला. प्रोग्राममध्ये काही ओळी अशा असतात की त्यांच्या सुरुवातीला एक खूण टाकली की यंत्र त्या वाचत नाही, ओलांडून पुढं जातं. त्या ओळी नंतर येणाऱ्या माणसांसाठी असतात. हे असं का केलं, ते त्यांना कळावं म्हणून. चाचणीचं वाक्य जिथं होतं तिथं ती गेली. ए आचाऱ्या, मीठ कमी हाय. तिनं त्याच्या खाली नवी ओळ घेतली, ती खूण टाकली आणि लिहिलं : खरं, मीठ कमी न्हवतं.

शुक्रवारी सकाळी ती उंबऱ्यात एका पायावर उभी राहून चपलेची पिन बसवत होती, तेव्हा मोबाइल वाजला. व्हर्जन बाहेर जाण्याआधी सर प्रत्येक बदल ओळीनं वाचत. त्यांचा निरोप होता.

'बाकी सगळं ओके. चाचणीच्या खाली एक ओळ आहे, तिनं प्रोग्रामला काही फरक पडत नाही. तिची गरज हाय?'

अनुजानं पिन दातांत धरली आणि अंगठ्यानं टाइप केलं.

'हाय.'